लावलेली हजेरी

"हिला समजायला वेळ लागतो, सगळा वर्ग खोळंबतो. घरीच शिकवा, आजी," माझ्या नातीकडे बघत मुख्याध्यापिका म्हणाल्या. "हजेरी आम्ही रोज लावू."

चाळीस वर्षांपूर्वी, शिक्षिका असताना, मीही माझ्या वर्गातल्या कौसल्याच्या आईला हेच सांगितलं होतं. वर्षभर हजेरी लावलीसुद्धा. तिची आई मात्र रोज प्रार्थनेच्या वेळी तिला वेणीफणी करून फाटकाशी आणून उभी करायची. मी तिकडे पाठ करून प्रार्थना सांगायचे.

आता कोणत्या तोंडाने भांडू?

मुख्याध्यापिकांनी हजेरीपट उघडून नातीचं नाव वाचलं.

"हजर, बाई," नात उभी राहून म्हणाली. दोन महिने मी घरी तिच्याकडून हेच घोकून घेतलं होतं.

त्यांनी नावापुढे खूण केली. मी नातीचं दप्तर उचललं आणि तिला घेऊन फाटकाबाहेर पडले.