गुडघे उचलायचे नाहीत

तिचे दोन्ही गुडघे टायरवर होते आणि काही झालं तरी ते उचलायचे नाहीत, असं नवऱ्याने बजावलं होतं.

मोटरसायकलचं मागचं चाक अंगणातल्या फरशीवर आडवं पडलं होतं. नव्या टायरची एक कड रिमवर बसली होती, ट्यूब आत गेली होती, दुसरी कडही बरीचशी चढली होती. उरलेली वीतभर मात्र हटून बसली होती. चाक दुकानात न्यायचं नाही, हा या घरचा नियम. दुकानवाले रिमला ओरखडे पाडतात, असं नवऱ्याचं म्हणणं. टायर चढवायच्या दोन लोखंडी लिव्हर, साबणाचं पाणी आणि बायकोचे गुडघे एवढ्यावर आपलं भागतं, याचा त्याला भारी अभिमान होता. चढलेली कड तिने गुडघ्यांनी दाबून धरायची आणि समोरून त्याने उरलेली चढवायची. गुडघा उचलला की कड सुटून वर येणार आणि सगळं पहिल्यापासून.

आज दोन लिव्हरना टायर दाद देईना. तिसरी शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी नेली होती. ती आणायला तो कुंपणाच्या भिंतीपाशी गेला, त्याला दहा मिनिटं झाली. ड्रायव्हरकाका लिव्हर देण्याआधी टायरच्या विषयावर बोलत होते, आणि त्या विषयावर ते जेवणवेळेपर्यंत बोलू शकत.

फोन येणार आहे, हे तिने सकाळीच सांगितलं होतं. रक्त तपासायच्या लॅबमधून. लग्नाआधी तिने तो कोर्स केला होता आणि अकरा वर्षं सर्टिफिकेट कपाटात साड्यांखाली होतं. लॅबच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की दहानंतर फोन करीन, दोनदा करीन, नाही उचललात तर यादीतल्या पुढच्या बाईंना. दहाच्या आत मोकळी करतो तुला, असं नवरा म्हणाला होता. त्याने नोकरीला विरोधही केला नव्हता. फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून तो स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. दारातून आत गेलं की डाव्या हाताला. पंधरा पावलं असतील नसतील.

तो वाजला.

"अहो," तिने हाक मारली. "फोन."

"आलोच," भिंतीपासून आवाज आला. "हलू नकोस, सुटेल."

तिने उजवा गुडघा बोटभर उचलला. कड लगेच वर सरकली, तशी तिने घाईघाईने ती पुन्हा दाबली. मागच्या वेळी दूध उतू चाललं म्हणून ती उठली होती. कड सुटली, पुन्हा चढवताना ट्यूब चिमटली, पंक्चर झाली. तो एक शब्दही बोलला नव्हता. दोन दिवस खाली मान घालून जेवला होता, आणि पुढे वर्षभर आल्यागेल्याला हसत हसत सांगत होता की आमच्याकडे आधी दूध, मग मी. पाहुणे हसायचे, तीही हसायची.

फोन थांबला. अजून एकदा येईल, तिने स्वतःला समजावलं. तोवर हे येतील.

दुसऱ्यांदा वाजला तेव्हा भिंतीपाशी ड्रायव्हरकाका कुठल्याशा घाटातली गोष्ट सांगत होते. ऊठ, ती स्वतःला म्हणाली. ऊठ ना. पण गुडघे होते तिथेच होते. तिला त्यांचा इतका राग आला की त्यांच्यावर बुक्की मारावीशी वाटली. सात वेळा वाजून फोन थांबला.

तो लिव्हर घेऊन आला. दोन हिसक्यांत कड आत बसली.

"चढला एकदाचा," तो खुशीत म्हणाला. "तू हलली नाहीस म्हणून."

ती उठली. पायांना मुंग्या आल्या होत्या. भिंतीला धरत ती आत गेली आणि तिने फोन लावला. मॅडम चांगलं बोलल्या. दोनदा केला हो मी, म्हणाल्या. पुढच्या बाईंनी लगेच उचलला. पुन्हा जागा निघाली तर नक्की कळवते.

ती बाहेर आली तेव्हा तो पायपंपाने हवा भरत होता. कोणाचा होता, असं त्याने विचारलं आणि तिने सांगितलं. पंपावरचा पाय थांबला. त्याला खरंच वाईट वाटलं, चेहराच उतरला त्याचा. तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"अगं, मग उठायचं ना. टायर काय, परत चढवला असता."

"तुम्ही म्हणालात, हलू नकोस."

"म्हणालो असेन. पण मी काय तुला बांधून ठेवलं होतं?"

बांधून ठेवलं नव्हतं, हे खरंच होतं. तिला दुधाचं सांगायचं होतं, त्या दोन दिवसांच्या जेवणाचं, पाहुण्यांसमोरच्या हसण्याचं. पण तोंडाशी आल्यावर प्रत्येक गोष्ट इतकी क्षुल्लक वाटायला लागली की तिने ती गिळली. मग त्याने हवा पुरी भरली, चाक उभं केलं आणि ढकलत गाडीपाशी नेलं.

"ये, धर जरा. एक्सलचा दांडा घालतो."

आज नाही म्हणायचं, असं तिने ठरवलं. पण ते ठरेपर्यंत ती गाडीमागे उकिडवी बसली होती आणि भोकासमोर भोक येईल इतकं नेमकं चाक तिने दोन्ही हातांनी उचलून धरलं होतं.