खडूच्या टेकडीचा चढ

रॉबिन वारल्यापासून त्याचे वडील आणि त्याची बायको टॅम्सिन दर रविवारी सायकली काढत. स्टोअर नदीच्या काठानं सपाट रस्ता, मग खडूच्या दगडाच्या टेकडीचा पांढरा चढ. आज चढाच्या पायथ्याशी तिनं ब्रेक दाबला. "बाबा, मी पुन्हा लग्न करतेय." म्हातारा थांबला नाही. सीटवरून उठून, दात आवळून पॅडल मारत राहिला. त्याची पाठ वळणाआड गेली तेव्हा तिला वाटलं, हा माणूसही आपल्याला दुरावला. ती माथ्यावर पोचली, तर तो गवतात बसलेला. थर्मासमधला चहा ओतून त्यानं कप तिच्यापुढे धरला. "मध्येच थांबलो असतो तर पुन्हा चढता आलं नसतं, पोरी," तो धापा टाकत म्हणाला. "सायकल चालवतो का तुझा तो?" "पडतो," ती म्हणाली. म्हातारा खाली नदीकडे बघत राहिला. "मग आधी त्याला काठानंच आण. हा चढ पुढच्या वर्षी."