उसना हिवाळा

नॉर्वेतही हिवाळा येईनासा झाला, तेव्हापासून तिथल्या सूचिपर्णी झाडांचं बी चंद्रपूरच्या शीतगृहात रुजवत होते. थंडी सोसल्याशिवाय त्याला कोंबच फुटत नसे.

दिवसभर शीतगृहातल्या बर्फात राबून रत्नमाला घरी परतली, की जिन्यातच शेजारणी गाल पुढे करत. "हात लाव ना वं जरा."

आज तिनं हातमोजे काढलेच नाहीत. वर सासूबाई उन्हाच्या तडाख्यानं फणफणल्या होत्या. बोटांतला गारवा त्यांच्यापर्यंत पोचवायचा होता. शेजारणींची तोंडं वाकडी झाली, पण समजावण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

घरात शिरताच तिनं उघडे हात सासूबाईंच्या कपाळावर ठेवले. त्यांनी ते ओढून घेतले आणि आपल्या तापलेल्या तळव्यांत धरून हळूहळू चोळू लागल्या.

"किती गारठली वं पोरी," त्या म्हणाल्या.