चेहऱ्याची चाचणी

“चेहरा ओळखू येत नाही, एवढं एकच वाक्य बोलायचं,” सुरक्षाप्रमुखांनी सभागृहाच्या दारातच हॅलोकाकांच्या खांद्यावर हात ठेवला. “बाकी घरातली गोष्ट घरातच राहील. तुमची मुलगी ती माझ्या मुलीसारखीच.”

काकांनी तो हात झटकायला हवा होता. पण सकाळपासून त्यांचा सगळा राग पोरीवर होता, आणि एका वेळी एकाच माणसावर रागवायची त्यांची सवय होती. ते मुकाट्याने आत गेले आणि पडद्याच्या तारा जोडू लागले.

कॉलेजात माइक, पडदा, कॅमेरा, जे काही नवीन येई ते त्यांनी तपासल्याशिवाय भिंतीवर चढत नसे. प्रत्येक समारंभ त्यांच्या ‘हॅलो, हॅलो’ने सुरू होई, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. सुरक्षेसाठी ड्रोन आलं तेव्हा त्याचे नियमही त्यांनीच घालून दिले होते. गस्त घालताना माणूस दिसावा, पण तो कोण हे कळू नये. कळलं, तर ड्रोन खाली उतरवायचं आणि पुन्हा उडवायचं नाही. आज त्याचीच चाचणी होती. हे घोंगावणारं धूड आमच्या खिडक्यांपाशी येऊन थांबतं, अशी हॉस्टेलच्या मुलींनी तक्रार केली होती.

आणि नेमका आजच सकाळी सुरक्षाप्रमुखांचा फोन आला होता. तुमची कन्या काल ग्रंथालयाच्या गच्चीवर होती. एका मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. म्हटलं, बापाच्या कानावर घालावं.

चहा तसाच टाकून काका उठले आणि पोरीवर तुटून पडले. कॉलेज बंद, उद्याच्या उद्या आत्याकडे जायचं. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती, पण तिचा विचार करायला डोकं ठिकाणावर कुठे होतं? “अहो, जरा ऐकून तरी घ्या,” बायको म्हणत राहिली. पोरीने रडारड केली नाही. ती सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, “बाबा, मी तिथे बसले याचा तुम्हाला एवढा राग आला. कोणीतरी आमच्यावर नजर ठेवून होतं, त्याचा नाही आला?”

“वर तोंड करून बोलतेस?” काका ओरडले. ते पाय आपटत घराबाहेर पडले.

सभागृहात पुढच्या रांगेत प्राचार्याबाई आणि समितीतली मंडळी बसली होती. हॉस्टेलच्या दोन मुली मागच्या रांगेत अंग चोरून बसल्या होत्या. त्यांतली एक कशीबशी उठली. “आम्ही महिनाभर खिडक्याच उघडलेल्या नाहीत, मॅडम. कपडे बदलायचे तर दिवा मालवून बदलतो.”

“अगं पोरींनो, एवढ्या उंचीवरून काय दिसणार? मुंग्या!” समितीतले एक गृहस्थ म्हणाले. दोघं-चौघं हसले. मुलगी खाली बसली.

सुरक्षाप्रमुखांनी चित्रफीत सुरू केली.

पडद्यावर ग्रंथालयाची गच्ची आली. कठड्याला टेकून दोन माणसं बसलेली, बोटाएवढी. एकाच्या बाजूला काळी सॅक होती. तिचा तुटलेला पट्टा गेल्याच आठवड्यात काकांनी स्वतःच्या हाताने शिवला होता.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साठवलेलं कितीतरी चित्रीकरण या माणसाकडे पडलं होतं. त्यातलं नेमकं हेच त्याने लावलं होतं. बाप समोर उभा आहे, तो मेला तरी तोंड उघडणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती. म्हणूनच तर दारात तो खांद्यावरचा हात.

काकांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पोरीचे खांदे हलत होते. ती रडत होती. तो मुलगा पाण्याची बाटली हातात धरून नुसता बसून होता, काय करावं ते न कळल्यासारखा. फोनवर हे कोणी सांगितलं नव्हतं. काकांनीही तिला विचारलं नव्हतं, की बाई, तुला झालंय तरी काय.

“बघा, सगळं नियमात आहे,” सुरक्षाप्रमुख म्हणाले. “मुलगा कोण, मुलगी कोण, सांगून दाखवा.”

“खरंच काही कळत नाही,” मघाचे गृहस्थ म्हणाले.

“काका, हे नियम तुम्हीच घातलेत,” प्राचार्याबाई वळल्या. “तुम्ही म्हणाल ते शेवटचं. यातलं कोणी ओळखू येतं?”

काकांचा अंगठा रिमोटवर होता. चित्र मोठं करायचं बटण त्याखालीच होतं. एकदा दाबलं असतं तर पोरीचा रडवेला चेहरा भिंतभर झाला असता आणि कोणाला काही बोलायलाच उरलं नसतं. पण मग या सगळ्यांनीच तिला पाहिलं असतं. त्यांनी पडदा बंद केला आणि रिमोट टेबलावर ठेवला. सुरक्षाप्रमुखांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मागच्या रांगेतल्या मुली आपापल्या पिशव्या उचलू लागल्या.

“हो, येतं,” काका म्हणाले. आवाज चिरका लागला. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज तपासणाऱ्या माणसाला स्वतःचा सापडेना.

“एवढ्याशा चित्रावरून?” प्राचार्याबाईंनी विचारलं. “तुम्ही कसं ओळखलंत?”

“मी नाही ओळखलं, मॅडम. या साहेबांनी ओळखलं आणि आज सकाळी नावगाव सांगायला मला घरी फोन केला. ती माझी मुलगी आहे.”