ट्रे उघडंना

बटण दाबलं की आतली मोटर घरघरायची. सीडीचा ट्रे मात्र जागचा हलायचा नाही.

"रबराचा पट्टा ढिला पडलाय," सिद्धराम मेकॅनिक म्हणाला. "मोटर फिरायलीय, ट्रेला ओढ बसंना."

"पट्टा घाल चुलीत. आतली डिस्क काढ," शिवप्रसाद खेकसला.

कॉम्प्युटर त्यानंच काल औरादच्या ह्या दुकानात आणून टाकला होता. आज दुपारी तो डिस्क न्यायला आला, तशी बहीणही मागोमाग आली.

अंजू दाराशीच उभी होती. पदर खांद्यावरून सारखा घसरत होता, ती मुठीनं वर ओढत होती. त्या डिस्कमध्ये अप्पा होते. मरायच्या आधी कॅमेऱ्यासमोर, चांगल्या शुद्धीत म्हणाले होते, विहिरीकडचं शेत अंजूचं. सोमवारी कोर्टात तारीख होती. दिवाळीला बहिणीला साडी दिली की गावभर सांगत सुटणारा हा भाऊ, शेताचं नाव काढलं की ठार बहिरा व्हायचा.

सिद्धरामनं वीज बंद केली. ट्रेखाली टाचणीएवढं भोक असतं, त्यात सरळ केलेली सेफ्टी पिन खुपसली. ट्रे बोटभर बाहेर आला. उरलेला त्यानं हातानं ओढला.



डिस्कवर निळ्या शाईत 'अप्पा' लिहिलेलं. शिवप्रसादनं झडप घातली. घामेजल्या अंगठ्याला शाई लागली, ती पँटीला पुसली.

"अण्णा, मोडू नको!" अंजू पुढं धावली. "एकदा लावून तर बघू. अप्पांचा आवाज ऐकू दे की."

तो थांबला. डिस्ककडं बघितलं. मग टेबलावरच्या दुसऱ्या, चालू कॉम्प्युटरकडं बघितलं. अंजूनं पदर मुठीत गच्च धरला.

"कामून ऐकायचं? तू रडायलीस तेवढं बास झालं."

त्यानं डिस्क गुडघ्यावर दाबून मोडली. चकाकते तुकडे फरशीवर उडाले.

"आता सांग जा जजसाहेबाला, अप्पा काय बोलले ते."

त्याची मोटारसायकल वळणाआड गेली, आवाजही गेला, तेव्हा कुठं अंजू मटकन स्टुलावर बसली.

सिद्धरामनं पकडीनं पिन परत वाकवली आणि टेबलाचा खण ओढला.

"अक्का, ही घ्या तुमची पिन. सकाळी लई रडवलं ह्या ट्रेनं, आत्ता बघा, पहिल्याच टोच्याला उघडला," तो म्हणाला आणि खणातले, पेपरात गुंडाळलेले खरे अप्पा त्यानं तिच्या ओटीत ठेवले.