निम्मा पगार

"या महिन्यातही निम्माच?"

नवऱ्याने मान हलवली आणि हात धुवायला गेला. छापखान्यातली शाई नखांत बसली की लवकर निघत नसे. वर्ष होत आलं, थकलेल्या करापोटी त्याचा निम्मा पगार परस्पर कापला जात होता. बाहेरची जादा कामं घेतली, त्यांवरचा कर भरायचा राहिला, एवढंच त्याने तिला सांगितलं होतं.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" ती म्हणाली. "पोरीची फी या आठवड्यात भरली नाही, तर नर्सिंगची जागा जाईल तिची."

"बघतो काहीतरी."

"वर्षभर बघताच आहात."

तिचंही खोटं नव्हतं. स्वतःचं शिवणाचं दुकान होतं तेव्हा तिच्या हाताखाली दोन बायका होत्या. दुकान चालेना, बंद केलं. आता ती दुसऱ्यांच्या कपड्यांना काजं-बटणं करत होती. डोळे चुरचुरायचे, पाठ धरायची आणि सगळा राग नवऱ्यावर निघायचा.

रविवारी तिचा धाकटा भाऊ आला. नव्या कोऱ्या गाडीवरून आला आणि आल्या आल्या उपदेशाला बसला.

"दाजी, कर वेळच्या वेळी भरावा हो. ताईच्या दुकानाचा सगळा हिशेब मी बघायचो. आली कधी एक तरी नोटीस?"

नवऱ्याने कप त्याच्यापुढे सरकवला.

"चहा घ्या," तो म्हणाला. "निवतोय."

"शिका जरा याच्याकडून," ती म्हणाली. आई-वडिलांमागे तिला माहेर म्हणून हा एवढा भाऊच उरला होता. त्याचं कौतुक करताना तिचं तोंड दुखत नसे.

भाऊ गेल्यावर ती म्हणाली, "उद्या मीच जाते त्या कर कार्यालयात. हातापाया पडते."

"तू जायचं नाहीस." त्याचा आवाज कधी नव्हे तो चढला. मग तो खाली बसला. "माझी चूक आहे. मला निस्तरू दे."

पण तो कामावर गेल्यावर ती गेलीच. रांग जिन्यापर्यंत आली होती. उभं राहून राहून पायांत गोळे आले तेव्हा कुठे खिडकी आली. आतला कारकून सर्दीने बेजार होता.

तिने नवऱ्याचं नाव, छापखान्याचं नाव सांगितलं. "साहेब, कर भरणार नाही असं नाही. फक्त थोडं कमी कापा. पोरीचं शिक्षण अडलंय. नवऱ्याच्या चुकीची शिक्षा तिला कशाला?"

कारकुनाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, नाक पुसलं, पुन्हा पाहिलं.

"तुमच्या यजमानांकडे काहीच बाकी नाही, बाई."

"मग कापता कशाचे?"

"त्यांनी दुसऱ्याची हमी घेतलीय. एका बंद पडलेल्या शिवणाच्या दुकानाचा कर आहे हा. कराचे पैसे मालकीणबाई भावाच्या हातात द्यायच्या, त्याने ते भरलेच नाहीत. दुकानाच्या दाराला लावलेली नोटीस घेऊन तुमचे यजमान इथे आले. म्हणाले, माझ्या पगारातून कापा, पण तिला कळू देऊ नका, तिचं माहेर तुटेल." त्याने मान वर केली. "त्या बाई तुमच्या कोण लागतात?"