गुरुवारचा तवा

प्राचीने डिझाइन केलेला नवा नॉनस्टिक तवा कंपनीने वापरून बघायला दिलेल्या बाकी सगळ्या घरांत पास झाला होता. अडला होता तो फक्त राजेंद्र नगरच्या दुर्गाकाकूंकडे. एकट्या राहणाऱ्या काकूंच्या हाती तवा गेला, की आठवड्याभरात त्यावर चरे पडायचेच.

"मी तर लाकडीच उलथणं वापरते गं, सच्ची में," काकू म्हणायच्या. मग दर गुरुवारी प्राची नवा तवा घेऊन यायची आणि जुना तपासता तपासता काकूंच्या हातची गरम धिरडी खायची. शहराबाहेर राऊला तिच्या भाड्याच्या खोलीवर गॅस क्वचितच पेटायचा. एकटीसाठी कोण करत बसणार?

आज सकाळी कंपनीतले साहेब चिडलेच होते. "प्राचीजी, इस एक घर के चक्कर में पूरा माल अटका पड़ा है!"

संध्याकाळी नवा तवा देऊन ती जिना उतरली, आणि काकूंनी भरून दिलेला डबा वरच राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. परत गेली तर दार उघडंच होतं. आत काकू तारेची घासणी घेऊन तो कोरा तवा खसाखसा घासत होत्या.

प्राची पावलं न वाजवता खाली आली. स्कूटरपाशी उभी राहून तिने काकूंना फोन लावला.

 

"काकू, तवा पास झाला बरं का. आणि माझा डबा राहू द्या वरच. पुढच्या गुरुवारी यायला मला पण काहीतरी बहाणा हवाच ना!"